सिंक आणि बॅकअप: टॅबवरचं अभ्यासाचं ॲप बनवताना होणारी गल्लत

सांगलीत विश्रामबागेच्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी टॅबवर राज्यघटनेच्या नोट्स काढते. मिरजेला घरी पोचली की त्याच नोट्स तिला फोनवर दिसतात. सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, 'क्लाउड बॅकअप चालू'. एका संध्याकाळी फोनमध्ये जागा करायची म्हणून ती जुन्या नोट्सचं फोल्डर डिलीट करते. पुढच्या अर्ध्या मिनिटात ते टॅबवरून जातं आणि सर्व्हरवरूनही. वर्षभराचं लिखाण संपलं. ॲपमध्ये बिघाड काहीच नाही. सेटिंगमधला शब्द तेवढा चुकीचा होता. ते सिंक होतं, बॅकअप कधी झालाच नव्हता.

नोट्स, फ्लॅशकार्ड, वेळापत्रक अशी ॲप एकट्याने बनवणाऱ्या डेव्हलपरच्या हातून ही गल्लत सहज होते, कारण दोन्हींत डेटा टॅबबाहेर जातो आणि दोन्हींत ढगाचंच चित्र असतं. काम मात्र उलटं आहे. सिंक सगळ्या उपकरणांना एका स्थितीत आणतं. एका ठिकाणी बदल झाला की तो सगळीकडे, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. बॅकअप एका ठराविक वेळची स्थिती बाजूला काढून ठेवतो आणि नंतर मूळ जागी काहीही घडलं तरी तिला हात लावत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा फरक लगेच कळेल. बाजारातल्या दुकानात रोज हळद येते, रोज जाते, वहीतला आकडा आणि पोत्यांचा आकडा जुळला पाहिजे. ते सिंक. पेवात हळद भरून तोंड बंद केलं की रोज उघडायचं नाही. दुकानात काहीही उलथापालथ झाली तरी पेवातला माल जसाच्या तसा. तो बॅकअप. आणि २००५च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं पाण्याखाली गेली, हेही इथल्या लोकांना माहीत आहे. त्याकडे पुढे येऊ.

ॲपमध्ये नक्की काय आहे ते ओळखायला दोन प्रश्न पुरतात. टॅब आत्ता कृष्णेत पडला तर आत्ताच्या नोट्स दुसऱ्या टॅबवर मिळतील का? हो असेल तर सिंक आहे. काल दुपारी चुकून पुसलेलं आज परत मिळेल का? हो असेल तर बॅकअप आहे. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' अशी ॲप सर्वांत जास्त सापडतात.

ट्रॅशचं फोल्डर हा मधला प्रकार. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, त्यामुळे डिलीट झालेलं परत मिळतं. पण नोट डिलीट न होता तिच्यातला मजकूरच पुसला गेला, किंवा ॲपच्या नव्या आवृत्तीतल्या चुकीने सगळ्या नोट्स रिकाम्या झाल्या, तर ट्रॅशमध्ये काहीच नसतं. ट्रॅश द्यावाच, पण त्याला बॅकअप म्हणू नये.

सिस्टिमचा बॅकअप आहे की, मग वेगळा कशाला?

हा प्रश्न प्रत्येक नवा डेव्हलपर विचारतो. अँड्रॉइड ६.० पासून ऑटो बॅकअप आहे आणि मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची मूळ माहिती देणाऱ्या फाईलमध्ये, बंद केला नाही तर तो चालूच असतो. पण त्याची मर्यादा दर ॲपला २५ एमबी आहे. मर्यादा ओलांडली की बसेल तेवढा डेटा जातो असं होत नाही. क्लाउडवर काहीच जात नाही, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय फक्त शेवटची एकच प्रत ठेवली जाते. आज नोट्स रिकाम्या झाल्या आणि रात्री बॅकअप झाला, तर कालच्या चांगल्या प्रतीवर रिकामी प्रत बसते.

हाताने लिहिण्याच्या ॲपला २५ एमबी किती पुरतात ते मोजून पाहा. पेनचे सेकंदाला २४० बिंदू धरा. प्रत्येक बिंदूचे आडवं स्थान, उभं स्थान, दाब आणि वेळ असे चार आकडे, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १६ बाइट. सेकंदाला ३,८४० बाइट झाले. एका पानावर पेन प्रत्यक्ष काचेवर पाच मिनिटं टेकलेलं असेल तर सुमारे १.१५ एमबी. म्हणजे जेमतेम २१ पानं! आकडे फरकाच्या रूपात साठवून आणि कॉम्प्रेस करून हे बरंच खाली आणता येतं, पण विद्यार्थ्याने स्कॅन केलेल्या दोन प्रश्नपत्रिका जोडल्या की हिशेब पुन्हा कोलमडतो.

वेळेचंही बंधन आहे. आधीच्या बॅकअपला २४ तास झालेले हवेत, टॅब निवांत पडलेला हवा, आणि मोबाइल डेटावर बॅकअपला वेगळी परवानगी दिली नसेल तर वाय-फाय हवं. जत-आटपाडीकडे गावी गेलेला विद्यार्थी महिनाभर नुसत्या सिमवर असेल तर त्या महिन्याचा बॅकअप नाही.

आयपॅडवर टॅब लॉक, चार्जिंगला आणि वाय-फायवर असताना आयक्लाउड बॅकअप होतो. फुकटची जागा ५ जीबी, तीही फोटोंसकट सगळ्यांत मिळून. आणि एकट्या ॲपचा डेटा त्यातून मागे आणता येत नाही. आख्खा आयपॅड पुसून नव्याने सेटअप करताना तो बॅकअप उतरवावा लागतो. एका फोल्डरसाठी हे कुणी करणार नाही. त्यामुळे दोन्हीकडे सिस्टिमचा बॅकअप टॅब बदलताना उपयोगी आहे, चूक सुधारायला नाही.

सिंक कुठे फसतं

पहिली अडचण डिलीटची. नोट टेबलमधून सरळ काढून टाकली तर दुसऱ्या उपकरणाला ती पुसली गेली हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून तिच्या जागी 'ही पुसली' अशी खूण ठेवतात, तिला टूमस्टोन म्हणतात. बरेच जण ३० दिवसांनी या खुणा साफ करतात आणि तिथे फसतात. दोन महिने ऑफलाइन असलेला टॅब परत येतो, सर्व्हरवर ती नोट नाही आणि खूणही नाही, म्हणून टॅबला वाटतं ही नवी नोट आहे, आणि तो ती वर चढवतो. पुसलेल्या नोट्स जिवंत होतात. एक खूण साधारण ४० बाइटची. दहा हजार झाल्या तरी ४०० केबी. साफ करायची घाईच करू नये. करायचीच असेल तर त्या मुदतीपेक्षा जुना टॅब आला की त्याने आधी सगळं नव्याने खाली घ्यायचं आणि स्वतःचे न पाठवलेले बदल वेगळ्या प्रतीत ठेवायचे, असा नियम हवा.

दुसरी अडचण घड्याळाची. 'ज्याची वेळ नंतरची तो बदल खरा' हा नियम सोपा वाटतो. पण बॅटरी पूर्ण उतरलेल्या टॅबवर कुणी तारीख हाताने टाकली आणि ती एक दिवस पुढची पडली, तर तो टॅब दिवसभर प्रत्येक वादात जिंकतो आणि दुसऱ्या उपकरणावरचं नवं लिखाण गुपचूप नाहीसं होतं. टॅबच्या घड्याळावर विसंबू नका. सर्व्हरने प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्यावा, आणि टॅबने बदल पाठवताना आपण कोणत्या क्रमांकावरून सुरुवात केली तेही सांगावं. क्रमांक जुळला नाही तर दोन्ही प्रती ठेवा. एक नोट दोनदा दिसली तर विद्यार्थी कुरकुर करेल. एक नोट गेली तर ॲप काढून टाकेल.

वाद मुळातच कमी व्हावेत अशी डेटाची रचना करता येते, आणि एकट्या डेव्हलपरने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. हस्ताक्षराच्या पानात आख्खं पान एक रेकॉर्ड ठेवू नका; पेनची प्रत्येक रेघ वेगळं रेकॉर्ड, तिला स्वतःची ओळख, आणि एकदा काढलेली रेघ कधी बदलायची नाही. पुसली तर खूण, हलवली तर जुनी पुसून नवी. मग दोन टॅबवर एकाच पानावर लिहिलं तरी दोन्हींच्या रेघा नुसत्या एकत्र होतात. फ्लॅशकार्डातही 'पुढची उजळणी १२ दिवसांनी' हा आकडा सिंक करू नका. कोणतं कार्ड, केव्हा, किती बरोबर आलं, याची नोंदवही सिंक करा आणि आकडा प्रत्येक टॅबने त्या नोंदींवरून काढावा. नोंदी फक्त वाढत जातात, त्यात भांडण नाही.

चालू डेटाबेसची फाईल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून 'सिंक झालं' असं समजणं मात्र टाळाच. दोन उपकरणांनी ती एकाच वेळी उघडली की फाईल खराब होऊ शकते.

बॅकअप नीट कसा घ्यायचा

नोट्स साठवायला एसक्यूलाइट हा ॲपमध्येच बसणारा छोटा डेटाबेस वापरत असाल तर सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ॲप चालू असताना डेटाबेसची फाईल नुसती कॉपी करणं. वॉल मोडमध्ये ताजे बदल शेजारच्या 'वॉल' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात; ती मागे राहिली की शेवटचं लिखाण बॅकअपमध्ये नसतं. यासाठी 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा आहे, एसक्यूलाइट ३.२७ मध्ये, २०१९ला आलेली. पण अँड्रॉइड १०च्या स्वतःच्या एसक्यूलाइटमध्ये ती नाही, अँड्रॉइड ११ पासून आहे. अभ्यासिकांत जुने टॅब भरपूर असतात, तेव्हा तिथे आधी चेकपॉइंट करून, म्हणजे ताजे बदल मूळ फाईलमध्ये उतरवून, वॉल रिकामी करा, डेटाबेस बंद करा, मग कॉपी. नाहीतर ॲपसोबत स्वतःचं एसक्यूलाइट द्या.

ही प्रत, जोडलेल्या पीडीएफ आणि एक छोटी माहितीफाईल अशी झिप करा. माहितीफाईलमध्ये ॲपची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती, नोट्सची संख्या आणि प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा पडताळणीचा आकडा. झिप तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर उघडून मोजणी जुळते का पाहा, मगच खरं नाव द्या. जागा संपल्यामुळे अर्धी राहिलेली फाईल चांगल्या नावाने पडून राहणं हा फार वाईट धोका आहे. नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी घाला, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेला बॅकअप ॲप काढलं की सोबत जातो. म्हणून फोल्डर विद्यार्थ्याला निवडू द्या: ड्राइव्ह, मेमरी कार्ड, ओटीजीने जोडलेला पेनड्राइव्ह, काहीही. निवडल्यावर त्या फोल्डरची कायमची परवानगी मागून ठेवायला विसरू नका. नाहीतर टॅब बंद करून चालू केला की परवानगी जाते आणि रात्रीचा बॅकअप मुकाट्याने बंद पडतो. काही कंपन्यांच्या टॅबवर बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारं कामही थांबवलं जातं. त्यावर उपाय एकच, पहिल्या पडद्यावर स्पष्ट ओळ: 'शेवटचा बॅकअप काल रात्री ११.४०, ४१२ नोट्स'. तीन दिवस झाले नसेल तर ओळ लाल.

प्रती किती ठेवायच्या? रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२, एकूण २३. चूक लक्षात यायला कधी कधी दोन महिने लागतात, परीक्षा जवळ आल्यावरच जुनं फोल्डर उघडलं जातं. पीडीएफ बदलत नसतात, त्यामुळे त्या प्रत्येक प्रतीत पुन्हा न भरता एकदाच ठेवल्या तर जागा फारशी लागत नाही.

आणि प्रत दुसऱ्या जागीही हवी. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. टॅब आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटाच्या एकाच खणात असतील तर त्या दोन प्रती नव्हेत, एकच. पेवांचंही तेच झालं होतं. सेटिंगमध्ये दोन ठिकाणं निवडायची सोय द्या, आणि त्यातलं एक घराबाहेरचं असावं असं तिथेच लिहा.

दोन्ही एकत्र आल्यावर

क्रमाचं म्हणाल तर एकट्या डेव्हलपरने बॅकअप आधी बनवावा. तो आठवड्या-दोन आठवड्यांत होतो आणि सर्व्हरचा खर्च नाही. सिंकला महिने लागतात आणि त्यातल्या चुका सगळ्या उपकरणांवर एकदम पसरतात. हाताशी बॅकअप नसताना सिंक बाजारात आणणं म्हणजे विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या नोट्सवर प्रयोग करणं.

दोन्ही असलेल्या ॲपमध्ये मात्र एक खास घोळ होतो. विद्यार्थिनी बॅकअपमधून पुसलेलं फोल्डर परत आणते, ते दिसतं, आणि दहा सेकंदांत पुन्हा गायब होतं. कारण सर्व्हरवर त्या नोट्सच्या 'पुसली' या खुणा अजून आहेत आणि त्यांचा क्रमांक बॅकअपमधल्या जुन्या नोट्सपेक्षा पुढचा आहे. सिंकच्या दृष्टीने परत आणलेलं सगळं शिळं ठरतं. म्हणून रिस्टोर सुरू होताच सिंक थांबवा. आत्ताच्या स्थितीची एक प्रत आधी घ्या, कारण चुकीच्या तारखेचा बॅकअपही निवडला जाऊ शकतो. परत येणाऱ्या प्रत्येक नोटेला नवी ओळख द्या आणि फोल्डरच्या नावापुढे तारीख जोडून वेगळं फोल्डर करा, चालू नोट्सवर ओतू नका. मग सिंक चालू करा, म्हणजे त्या नव्या नोट्स म्हणून वर जातील.

तपासायला दोन टॅब घ्या. पहिल्यावर ५० नोट्स करा, बॅकअप घ्या, दुसऱ्यावर सगळ्या दिसेपर्यंत थांबा. दुसऱ्यावरून ३० पुसा. पहिल्यावर २० उरल्या की रिस्टोर करा. दोन्ही टॅब बंद करून चालू करा आणि पाच मिनिटांनी मोजा: दोन्हीकडे २० चालू आणि तारखेच्या फोल्डरमध्ये ५०, अशा ७० दिसल्या पाहिजेत. मग हीच चाचणी दुसरा टॅब विमान मोडवर ठेवून करा: त्यावर ३० पुसा, पहिल्यावर रिस्टोर उरका, आणि त्यानंतरच दुसऱ्याला नेटवर आणा. तरीही ७० भरल्या की 'बॅकअप' हा शब्द सेटिंगमध्ये लिहायला हरकत नाही.