डायना रॉस गेली, तरी ‘सुप्रीम्स’ संपल्या नव्हत्या

मुख्य गायिका डायना रॉस बाहेर पडली आणि ‘द सुप्रीम्स’ हा अमेरिकी गायिकांचा गट तिथेच संपला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

१४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगासमध्ये डायनाने या गटासोबत शेवटचा कार्यक्रम केला. त्याच मंचावर तिच्या जागी येणाऱ्या जीन टेरेलची ओळखही करून देण्यात आली. त्याच वर्षी मेरी विल्सन, सिंडी बर्डसाँग आणि जीन यांचं ‘स्टोन्ड लव्ह’ हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या, तर ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. संपलेल्या गटाची गाणी अशी चालतात होय?

गैरसमजाचं मूळ त्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या मोटाऊन कंपनीच्या जाहिरातबाजीत आहे, असं मला वाटतं. १९६७ मध्ये गटाच्या नावाआधी डायनाचं नाव जोडलं गेलं आणि बाकीच्या दोघी मागे ढकलल्या गेल्या. गंमत म्हणजे निरोपाचं गाणं म्हणून गाजलेल्या ‘समडे वुई विल बी टुगेदर’मध्ये मेरी आणि सिंडीचा आवाजच नाही, साथ दुसऱ्याच गायिकांनी दिली होती. मुळात १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘प्रायमेट्स’ या नावाने गट जमला, तो फ्लॉरेन्स बॅलर्डच्या पुढाकाराने. तिलाच १९६७ मध्ये काढण्यात आलं.

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली त्यांची बाराही गाणी डायनाच्या काळातली, हे मात्र मान्य करायलाच हवं. पुढे सदस्य बदलत राहिल्या, यशही ओसरलं. तरी मेरी शेवटपर्यंत टिकून राहिली, आणि गटाचा अखेरचा कार्यक्रम झाला तो जून १९७७ मध्ये, लंडनला.