ताजचा घुमट छापायचाय? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

दिवाळी जवळ आली किंवा लग्नसराई सुरू झाली, की आमच्या छापखान्याच्या काउंटरवर एक फर्माईश हटकून येते: "मागे ताज टाका, मुंबई दिसली पाहिजे." कुणाला मिठाईच्या खोक्यावर हवा असतो, कुणाला टूरच्या पत्रकावर, कुणाला मगवर. काही वेळा आम्ही लगेच हो म्हणतो, काही वेळा परवानगीचं पत्र मागतो, आणि तिथे गिऱ्हाईक वैतागतं. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीला कसली आलीय परवानगी, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर काउंटरवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी इमारतीबद्दल. अपोलो बंदरावरचं ताजमहाल पॅलेस हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी उघडलं. शेजारचं गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झालं ते 1924 मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं बोटीतून मुंबईत उतरणाऱ्याला समोर दिसायचा तो ताजच. जुन्या मुंबईचं म्हणून एखादं चित्र तुम्ही घेऊन आलात आणि त्यात दोन्ही इमारती असतील, तर ते 1924 च्या आधीचं नाही एवढं आम्ही बघूनच सांगू. (1905 साल टाकलेलं असं चित्र इंटरनेटवर सापडतं. आम्हाला ते छापायला सांगू नका.)

पैसा आणि कल्पना जमशेदजी टाटांची. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या वॉटसन्स हॉटेलात त्यांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ईर्षेने ताज बांधलं, ही गोष्ट मुंबईत ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, पण अभ्यासकांना तिला भक्कम आधार सापडलेला नाही. पत्रकात 'इतिहास' म्हणून ती घालायची असेल तर आधी 'असं सांगतात' हे दोन शब्द जोडा. दुसरी दंतकथा आणखी लाडकी: नकाशा उलटा वाचला गेला, इमारत पाठमोरी बांधली गेली आणि वास्तुविशारदाने जीव दिला. ही निव्वळ भाकडकथा. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, इंग्रजी 'यू' अक्षराच्या दोन भुजांमध्ये, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे.

मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम तडीस नेलं इंग्रज इंजिनिअर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं, आणि मधला तो प्रसिद्ध अधांतरी जिनाही त्यांचाच. घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून वर पाहिलं की हा जिना भिंतीला धरून वळत वर जाताना दिसतो, खालून आधाराला खांब म्हणून नाही. वैद्य हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. तुमच्या पत्रकात इमारतीची चार ओळी माहिती देणार असाल तर ते जरूर घाला, त्या शब्दांचे पैसे आम्ही लावणार नाही.

जमशेदजी उद्घाटनानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, मे 1904 मध्ये वारले. पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं रुग्णालय होतं. शेजारचा उंच टॉवर 1973 चा. त्याची ठेवण अगदी वेगळी आहे आणि चित्रात तो कापायचा की ठेवायचा यावर डिझायनर आणि गिऱ्हाईक यांची नेहमी जुंपते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात घुमटाशेजारून निघणारा धूर जगाने पाहिला. जुना भाग दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडला. त्या धुराचं चित्र कुठल्याही विक्रीच्या मालावर छापायला आम्ही नाही म्हणतो. त्यात कायदा आडवा येतो म्हणून नव्हे, आम्हालाच ते नको वाटतं.

आता मुद्द्याचं. 2017 मध्ये या इमारतीच्या बाह्यरूपाची ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, म्हणून नोंदणी झाली. भारतात एखाद्या इमारतीच्या रूपाला असं चिन्ह मिळण्याची ही पहिलीच वेळ. पुढे मुंबई शेअर बाजाराच्या फिरोज जीजीभॉय टॉवरलाही ते मिळालं. बातम्यांचे मथळे वाचून बऱ्याच जणांचा समज झाला की आता ताजचा फोटो काढणंच गुन्हा. तसं काही नाही.

इथे तीन वेगळे हक्क आहेत आणि आमच्याकडचा निम्मा गोंधळ ते एकत्र कालवल्यामुळे होतो. पहिला इमारतीच्या आराखड्याचा कॉपीराइट. त्याची चिंता सोडा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 स्पष्ट सांगतं, की वास्तूचं चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र करणं आणि प्रसिद्ध करणं हा हक्कभंग नाही. सगळीकडे असं नसतं. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो खुशाल छापा, तो उभारणारे गुस्ताव आयफेल 1923 मध्येच वारले, त्यामुळे त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय. रात्रीच्या रोषणाईवर मात्र फ्रान्समध्ये स्वतंत्र हक्क सांगितला जातो. युरोप टूरची पत्रकं छापून घेणाऱ्यांनी शक्यतो दिवसाचाच फोटो आणावा, झगमगाट आकाशकंदिलावर भागवू.

दुसरा हक्क फोटोग्राफरचा, आणि खरी भांडणं इथे होतात. इमारत सगळ्यांना दिसते म्हणून दुसऱ्याने काढलेला फोटो तुमचा होत नाही. गूगलवरून उतरवलेला, व्हॉट्सअॅपवर आलेला, वॉटरमार्क खोडलेला, यातलं काहीही आम्ही छपाईच्या प्लेटवर घेत नाही. फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. तुम्ही पैसे देऊन तो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने त्याचे पहिले मालक तुम्ही. तेव्हा फोटोग्राफरचं बिल फेकू नका, आम्हाला तेवढं पुरतं.

तिसरा हक्क ट्रेडमार्कचा. माल किंवा सेवा कुणाची आहे हे लोकांना ज्यावरून कळतं, त्या खुणेचं रक्षण हा कायदा करतो. म्हणून चित्रात ताज आहे का, एवढ्यावर निकाल लागत नाही. ते चित्र तिथे काय काम करतंय, हे पाहावं लागतं. मिठाईचा खोका घ्या. झाकणावर दुकानाचं नाव, आणि नावाच्या डोक्यावर मुकुटासारखा लाल घुमट, दोन्ही बाजूंना छोटे घुमट, खाली कमानींची रांग. पाहणाऱ्याला वाटणार, ही मिठाई ताजच्या स्वयंपाकघरातली, निदान त्यांच्याशी काही संबंध असलेली. हे आम्ही पत्राशिवाय छापणार नाही. फोटोऐवजी नुसती रेघांची आकृती केली, रंग बदलला, तरी फरक पडत नाही. ओळखू येतंय ना, मग तेच. नोंदणी मालाच्या वर्गांनुसार होते आणि असे एकूण 45 वर्ग आहेत, पण देशभर नावलौकिक असलेल्या चिन्हाला वेगळ्या मालावरही संरक्षण मिळू शकतं. 'आम्ही हॉटेल थोडंच चालवतो' हे उत्तर म्हणून पुरेसं नाही.

याउलट 'मुंबई दर्शन'च्या पत्रकात आतल्या पानावर गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि ताज असे फोटो आहेत, बस कुठे थांबते ते सांगायला. हे आम्ही बिनघोर छापतो. तोच ताज टूर कंपनीच्या लोगोत घातला की मात्र थांबतो. दिवाळी अंकातला लेख, शाळेचा प्रकल्प, प्री-वेडिंगचा अल्बम, घरच्या भिंतीवरचं कॅनव्हास, यांना काही आडकाठी नाही. पत्रिकेवर वधूवरांच्या मागे घुमट असला तरी आम्ही नाही म्हणत नाही. लग्न त्याच हॉटेलात असेल तर हॉटेललाही एकदा दाखवून घ्या, इतकंच.

अडचण आहे ती फ्रिज मॅग्नेट, मग, टी-शर्ट आणि कीचेनची. इथे चित्र हाच माल. कुणी म्हणेल ही शोभा आहे, व्यापारचिन्ह नव्हे. कुणी म्हणेल लोक ताजच्या नावावरच ते विकत घेतात. दोन्ही बाजूंनी वकील उभे राहू शकतात, आणि आमचा छापखाना त्यासाठी मैदान व्हावा अशी आमची इच्छा नाही. विक्रीसाठीच्या अशा ऑर्डरला आम्ही हॉटेल कंपनीची लेखी परवानगी मागतो. घरच्या भेटीसाठी एक-दोन मग हवे असतील तर मागत नाही.

'तुम्ही फक्त छापणारे, तुम्हाला काय त्याचं?' असं आम्हाला ऐकवलं जातं. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम 29(7) नेमकं आमच्यासाठी आहे. परवानगी नाही हे माहीत असताना, किंवा तशी शंका यायला जागा असताना, लेबलवर, वेष्टनावर किंवा जाहिरातीवर नोंदलेलं चिन्ह छापणारासुद्धा हक्कभंग करतो. हे पत्रक आम्हीच काढलंय म्हटल्यावर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणायची सोय आम्हाला उरलेली नाही.

मुंबई दाखवायचीच असेल तर टॅक्सी, डबलडेकर, गेटवे, भरतीच्या लाटा, वडापाव असं बरंच काही आमच्या डिझायनरने स्वतः रेखाटून ठेवलंय. खोक्यांच्या ऑर्डरवर त्यातलं एक चित्र मोफत. ताजच हवा असेल तर ऑर्डर देताना मूळ फोटोची मोठी फाइल, फोटोग्राफरचं बिल किंवा संमतीच्या दोन ओळी, आणि विक्रीचा माल असल्यास परवानगीपत्राची प्रत आणा. कागद अपुरे असले तरी प्रूफ काढून देऊ. डाय, म्हणजे खोका कापायचा साचा, मात्र पत्र हातात आल्यावरच पाडू. मोठ्या कंपनीकडून पत्र यायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीची ऑर्डर असेल तर गणपतीच्या आधी येऊन जा.