डेरिव्हेशन पाठच करावं लागतं?

"समजलं नाही तरी चालेल, पाठ कर, मार्क मिळतात." दहावी-बारावीच्या घरात डेरिव्हेशनबद्दल (म्हणजे सूत्र पायरीपायरीने काढून दाखवण्याबद्दल) हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात पाठ करणाराच मध्ये अडकतो. एक ओळ विसरली की पुढचं सगळं गेलं.

दहावीतला मुक्तिवेगच घ्या, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा किमान वेग. कल्पना एकच: वस्तू पृथ्वीपासून अनंत अंतरावर जाऊन थांबली, तर तिथे तिची गतिज आणि स्थितिज ऊर्जा दोन्ही शून्य. ऊर्जा अक्षय्य, म्हणून जमिनीवरून निघतानाही त्यांची बेरीज शून्यच. हे समीकरण मांडलं की वस्तूचं वस्तुमान दोन्हीकडून उडतं आणि उरतं २ × गुरुत्वत्वरण × पृथ्वीची त्रिज्या, याचं वर्गमूळ. ९.८ मी/से² आणि ६४०० किमी घाला, सेकंदाला ११.२ किमी येतात.

वस्तुमान उडालं, म्हणजे दगड असो वा यान, मुक्तिवेग तोच. (घोकणारे नेमके इथेच "जड वस्तूला जास्त" लिहून येतात.)

पाठ करायचं ते फक्त स्थितिज ऊर्जेचं सूत्र, आणि त्यातलं उणे चिन्ह. ते सुटलं तर वर्गमुळात ऋण संख्या येऊन बसते.