निःक्षारीकरण (कोकण किनारा)

समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून ते पिण्याजोगे करणे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जांभ्या दगडाच्या जमिनीत तो टिकत नाही आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. टंचाई अशी दोन-अडीच महिन्यांचीच असल्याने इथले गणित आखाती देशांपेक्षा वेगळे आहे.

आज सर्रास वापरली जाते ती आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) पद्धत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. हे पाणी 55 ते 70 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबाने क्षार अडवणाऱ्या बारीक पडद्यातून ढकलतात. 100 लिटरांतून साधारण 40 लिटर गोडे पाणी मिळते. उरलेल्या 60 लिटरांत लिटरमागे 58 ग्रॅमच्या आसपास क्षार साठतात, हे ब्राइन.

दाबातील ऊर्जा परत मिळवूनही हजार लिटरमागे 3 ते 4 युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरले तर दहा हजार लिटरच्या टँकरमागे नुसत्या विजेचे साधारण 280 रुपये. त्यावर पडदे, रसायने, पगार आणि भांडवलाचे हप्ते. हप्ते बारा महिने चालू राहतात. संयंत्र तीनच महिने चालवले तर लिटरमागचा भांडवली बोजा चौपट होतो. बंद ठेवणेही फुकट नाही. पडद्यांवर जिवाणूंचा थर धरू नये म्हणून ते सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणात ठेवावे लागतात आणि द्रावण वेळोवेळी बदलावे लागते.

पाणी ओढणाऱ्या नळात कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले) आणि बार्नेकल (तसेच चिकटणारे कवचधारी जीव) धरतात, म्हणून क्लोरीन सोडतात. हाच क्लोरीन पॉलिअमाइड या प्लास्टिकचे पडदे खातो, त्यामुळे पडद्यांच्या आधी तो बायसल्फाइटने मारावा लागतो. ही मात्रा एकदा चुकली की मीठ आरपार येऊ लागते आणि पडदा बदलण्यावाचून इलाज उरत नाही. पावसाळ्यात खाड्यांचा गाळ गाळण्या तुंबवतो. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकवणारा नॉक्टिल्युका हा सूक्ष्मजीव वाढला की पर्यटक खूश, पण गाळण्या पुन्हा चोंदतात.

ब्राइन जड असते, तळाशी बसते. उन्हाळ्यात खाडीला वरून गोडे पाणी जवळपास येत नाही, आणि ओहोटीने बाहेर गेलेले भरतीने काही अंशी परत येते. खाडीतोंडाशी ते सोडले तर पहिला फटका तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) आणि कालवांना, म्हणजे ती वेचून विकणाऱ्या बायकांना. नळ खुल्या समुद्रात नेऊन अनेक तोंडांतून ब्राइन तिरकस वर फवारले तर ते लवकर मिसळते. मात्र खर्चकपातीत कात्री सहसा याच नळाला लागते.

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 2005 पासून समुद्रातील तापमानाच्या फरकावर रोज एक लाख लिटर पाणी काढणारे संयंत्र आहे. त्याला किनाऱ्याजवळच सुमारे 350 मीटर खोलीवरचे थंड पाणी लागते. कोकणापुढे समुद्र दूरवर उथळ असल्याने तो मार्ग इथे बंद आहे. मुंबई महानगरपालिकेने मनोरीला दररोज 20 कोटी लिटरचा आरओ प्रकल्प आखला आहे. मुंबईची मागणी बारमाही असल्याने तिथे हिशेब निदान मांडता तरी येतो.

मुंबईच्या दक्षिणेकडे कोकणात पर्याय निराळे आहेत. कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी, वर्षाला सुमारे 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट), चिपळूणजवळ वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. ते गोडेच असते. हजार लिटर पाणी 200 मीटर उंच सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढवायला, पंपाची घट धरूनही, एका युनिटपेक्षा कमी वीज लागते.