२५ गिगाबाईटची डिस्क आणि तिचे पहिले ग्राहक

संगणकात बसवता येणारे ब्लू-रे रायटर, म्हणजे ब्लू-रे डिस्कवर डेटा लिहिणारी यंत्रे, २००६ साली विक्रीस आले, तेव्हा ग्राहकासमोर मांडला जाणारा हिशेब अगदी सरळ होता: डीव्हीडीवर ४.७ गिगाबाईट मावतात, नव्या डिस्कच्या एका थरावर २५ मावतात, तेव्हा पाच डिस्कांचे काम एकीवर भागेल. हिशेबात खोट नव्हती. पण साठवणुकीच्या साधनाची पारख करताना ते भरायला किती वेळ लागतो, भरलेले दुसऱ्या यंत्रावर वाचता येते का, आणि त्याच काळात हार्डडिस्क कुठवर पोहोचली आहे, हेही पाहावे लागते. सुरुवातीलाच उडी घेणाऱ्यांना हे बाकीचे पैलू बहुधा पैसे मोजून झाल्यावरच कळले.

आधी हे २५ गिगाबाईट आले कुठून ते पाहू. लेसरचा किरण भिंगातून एकवटला की डिस्कवर जो ठिपका पडतो, त्याचा व्यास दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची प्रकाश एकवटण्याची क्षमता. ही क्षमता एका अंकाने सांगितली जाते. अंक जितका मोठा, तितका ठिपका बारीक. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि ०.६० अंकाचे भिंग वापरतात, तर ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर आणि ०.८५ अंकाचे भिंग. तरंगलांबीला या अंकाने भागून दोन्हींची तुलना केली, तर ब्लू-रेचा ठिपका व्यासाने डीव्हीडीच्या ठिपक्याच्या निम्म्याहूनही लहान भरतो आणि क्षेत्रफळाने सुमारे पाचपट लहान. ४.७ ला पाचने गुणले की आपण २५ च्या जवळ येतो. धारणक्षमतेतील वाढ जवळजवळ सगळी या ठिपक्यातूनच आलेली आहे, आणि डिस्कवर नोंद ज्या सर्पिल मार्गाने होते त्याच्या दोन फेऱ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रॉनवरून ०.३२ मायक्रॉनवर आले तेही त्यामुळेच. निळा लेसर मात्र सहजासहजी हाती आलेला नाही. गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे पुरेसे निर्दोष स्फटिक वाढवण्यात अनेक वर्षे गेली. त्यातून घडलेल्या निळ्या प्रकाशाच्या डायोडसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बारीक ठिपक्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. फिरताना डिस्क किंचित कलली तरी ठिपका विस्कटतो, आणि हा दोष भिंगाच्या अंकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर उपाय म्हणून नोंदीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणला गेला. डीव्हीडीत त्यावरचे पारदर्शक आवरण ०.६ मिलिमीटर जाडीचे असते, ब्लू-रेत ते अवघे ०.१ मिलिमीटर ठेवले गेले. कलण्याचा प्रश्न आवाक्यात आला, पण धूळ आणि ओरखड्यांचा प्रश्न उभा राहिला, कारण डीव्हीडीच्या पृष्ठभागापाशी किरणाचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर असतो, तर ब्लू-रेच्या पृष्ठभागापाशी तो सुमारे ०.१४ मिलिमीटर असतो. जो कण पूर्वी किरणाचा थोडासाच भाग अडवत असे, तोच आता त्याची वाट अडवू लागला. म्हणूनच सोनीने एप्रिल २००३ मध्ये जपानमध्ये ४,५०,००० येन किमतीला आणलेल्या पहिल्या घरगुती ब्लू-रे रेकॉर्डरची डिस्क बंद प्लास्टिकच्या डबीत येत असे. पुढे टीडीके कंपनीने पृष्ठभागावर देण्याचा कठीण लेप विकसित केला आणि डबी गेली. तसे घडले नसते तर संगणकातल्या सपाट खणात ही डिस्क कधी बसली असती का, याची मला शंका आहे.

पायोनियरचा बीडीआर-१०१ए हा संगणकासाठीच्या अगदी पहिल्या रायटरांपैकी एक. त्याची किंमत हजार डॉलरच्या घरात होती, तो दुहेरी थराच्या ५० गिगाबाईटच्या डिस्कवर लिहीत नसे आणि सीडी तर त्याला वाचताही येत नसे. हे विचित्र वाटले तरी कारण साधे आहे: सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो, आणि लिहिण्या-वाचण्याच्या एकाच सरकत्या डोक्यात तीन तरंगलांब्या व तीन जाडीच्या आवरणांना पुरे पडणारी भिंगे बसवणे तेव्हा नुकते कुठे जमू लागले होते. म्हणजे एवढी रक्कम मोजणाऱ्याला जुना सीडी रायटरही काढून टाकता येत नव्हता.

वेगाची गोष्ट याहून मजेशीर आहे. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला ४.५ मेगाबाईट धरला जातो. पहिले रायटर त्याच्या दुप्पट वेगाने लिहीत, म्हणजे २५ गिगाबाईटची डिस्क भरायला सुमारे ४५ मिनिटे लागत. तोवर डीव्हीडी रायटर डीव्हीडीच्या स्वतःच्या, बऱ्याच कमी मूळ वेगाच्या १६ पटींवर पोहोचले होते आणि एक डीव्हीडी साधारण सहा मिनिटांत भरत. तेवढाच डेटा पाच-सहा डीव्हीडींवर उतरवायला एकूण अर्ध्या तासाच्या आसपास वेळ पुरे. थोडक्यात, नवे महागडे यंत्र जुन्या स्वस्त यंत्रापेक्षा हळू काम करीत होते; फायदा एवढाच की दर सहा मिनिटांनी उठून डिस्क बदलावी लागत नव्हती. त्यात लिहिलेला प्रत्येक भाग लगेच परत वाचून तपासण्याची सोय चालू ठेवली, की वेग आणखी जवळजवळ निम्म्यावर येई. महत्त्वाचा डेटा ठेवायचा असेल तर ही सोय बंद करणे मला शहाणपणाचे वाटत नाही, पण पाऊण तासाचा दीड तास होताना पाहून अनेकांनी ती बंद केली असेल, तर त्यांना दोषही देता येत नाही. पुढे वेग १६ पटींपर्यंत गेला आणि ही तक्रार उरली नाही.

भरलेली डिस्क दुसऱ्याला देण्यात वेगळी अडचण होती. मोठ्या डिस्कांसाठी वापरली जाणारी यूडीएफ २.५ ही फाइल मांडणी विंडोज एक्सपीला आपणहून वाचता येत नसे, त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागे. विंडोजच्या पुढच्या विस्टा आवृत्तीपासून ती सोय आली. शिवाय तोशिबाच्या एचडी डीव्हीडी या प्रतिस्पर्धी डिस्कशी चुरस चालू होती. त्या डिस्कचा लेसर तोच, पण आवरण डीव्हीडीइतके जाड आणि भिंगाचा अंक ०.६५, म्हणून एका थरावर १५ गिगाबाईटच. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेईपर्यंत आपण घेतलेले यंत्र पुढे टिकेल की अडगळीत जाईल, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

डिस्कच्या पोटातही मोठा बदल झाला होता. सीडी-आर आणि डीव्हीडी-आर यांत लेसरच्या उष्णतेने बदलणारा सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, आणि अशी रंगद्रव्ये प्रकाशाने हळूहळू खराब होतात. सुरुवातीच्या बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांत मात्र असेंद्रिय पदार्थ होते. उदाहरणार्थ, टीडीकेच्या डिस्कमध्ये तांब्याचा मिश्रधातू आणि सिलिकॉन यांचे दोन पातळ थर असत, जे लेसरने तापले की एकमेकांत मिसळून त्या जागेची परावर्तनक्षमता घटवीत. पुढे २००८ पासून रंगद्रव्याच्या स्वस्त डिस्कही आल्या. त्यांत लिहिल्यावर परावर्तन वाढते, म्हणजे खूण उलटी, त्यामुळे आधी घेतलेल्या काही यंत्रांना अंतर्गत सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय त्या चालेनात. डेटा वर्षानुवर्षे ठेवायचा असेल, तर माझ्या मते पहिल्या, महाग जातीची डिस्क घेणे केव्हाही बरे.

तरीही रायटर घरोघर पोहोचला नाही, आणि त्यामागे हार्डडिस्क होती. २००६ मध्येच ७५० गिगाबाईटची आणि पुढच्या वर्षी १ टेराबाईटची (१,००० गिगाबाईटची) हार्डडिस्क बाजारात आली. एवढ्या साठ्याची प्रत काढायला एकेरी थराच्या अनुक्रमे ३० आणि ४० डिस्क लागणार. दुप्पट वेगाने लिहिताना ४० डिस्कांना ३० तास लागतात, आणि प्रत्येकीवर नाव घालून त्या सांभाळण्याचा व्याप निराळाच. १९९० च्या दशकात सीडी रायटर घेणाऱ्याची एक डिस्क त्याच्या हार्डडिस्कचा मोठा हिस्सा पोटात घेत असे. ब्लू-रे घेणाऱ्याला हे सुख फारसे मिळाले नाही. २०१० मध्ये तीन थरांची १०० आणि चार थरांची १२८ गिगाबाईटची बीडीएक्सएल डिस्क ठरवली गेली, पण तिला पुन्हा नवे यंत्र हवे होते.

एकदाच लिहिता येणारी, विजेविना पडून राहणारी आणि व्हायरसला पुसता न येणारी डिस्क कामाची ठरली ती मोठ्या साठवणगृहांत. जानेवारी २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १०,००० ब्लू-रे डिस्क एका कपाटात ठेवून यांत्रिक हाताने काढघाल करणारी, १ पेटाबाईट (१,००० टेराबाईट) क्षमतेची व्यवस्था दाखवली. क्वचितच उघडला जाणारा डेटा तिथे राहील आणि हवी तेव्हाच डिस्क यंत्रात जाईल, अशी ती रचना होती. घरगुती वापर मात्र आटतच गेला, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याजोग्या ब्लू-रे डिस्कांचे उत्पादन थांबवले. २००६ च्या सुमारास भरलेल्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्या दृष्टीने आता डिस्कच्या आयुष्याइतकाच ती वाचणाऱ्या यंत्राच्या आयुष्याचाही प्रश्न आहे, कारण लेसर डायोड आणि मोटर यांना झीज असते आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता दरवर्षी घटत जाते.