भात कापल्यावर खाचरात काय टोकाल: वाल, चवळी की कुळीथ?

भातकापणी उरकली की आमच्या बियाण्यांच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘यंदा कुठलं बियाणं चांगलं?’ आम्ही उलट विचारतो, ‘खाचरात ओल किती आहे?’ कोकणात ही पिकं पावसावर नाही, भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात. म्हणून आधी वीतभर खोल माती उकरा आणि मुठीत दाबून बघा. लाडू वळला आणि तळव्याला गारवा लागला, तर वाल टोका. माती बोटांतून भुरभुरली, तर कुळीथ घ्या. कमी ओलीत आणि हलक्या वरकस जमिनीतही तो तग धरतो. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत यातलं काहीच घालू नका, बियाणं फुकट जाईल.

गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात सखल खाचरात असतं, तिथे कापणीनंतरही ओल टिकते. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या भाताची उंचावरची खाचरं झटपट सुकतात, तिथे कापणी आणि पेरणीत आठवडाही घालवू नका.

वालाचं थोडं सविस्तर सांगतो. गावठी कडवा वाल दिवस लहान झाले की फुलतो. डिसेंबर उलटल्यावर टोकलात तर झाड वाढायच्या आतच फुलावर येतं आणि शेंगा मोजक्या लागतात. पण बिरड्याला गिऱ्हाईक याच दाण्याला शोधत येतं, म्हणून वेळेत पेरणी जमणार असेल तर आमचं मत गावठीलाच. उशीर झाला असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण वाल २ घ्या, तो लवकर तयार होतो.

पाण्याची सोय असेल तर चवळी. दापोलीचीच कोकण सदाबहार सुमारे दोन महिन्यांत हाती येते, उन्हाळ्यातही घेता येते. मावा ही रस शोषणारी बारीक कीड मात्र हिच्यावर हमखास येते. कोवळे शेंडे रोज उलटून बघा.

बियाणं आमच्याकडचं असो की घरचं, आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात 80 तरी उगवले पाहिजेत. एका वर्षी आम्ही ही चाचणी न करता जुना वाल विकला. निम्मे दाणे गणंग निघाले, मातीत तसेच पडून राहिले. काही शेतकऱ्यांचा हंगाम गेला, त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून चाचणी केल्याशिवाय आम्ही गोणी विकायला काढत नाही.

पेरणीआधी 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत चोळा आणि सावलीत सुकवा. उन्हात सुकवलंत तर त्यातले जिवाणू मरतात.

या तिन्ही पिकांचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. जोमदार झाडांच्या पहिल्या तोड्याच्या शेंगा वेगळ्या वाळवा, दाणे राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा. भुंगा लागलेल्या दाण्याला बारीक गोल भोक दिसतं, तो दाणा पेरू नका.

ओलीचा अंदाज येत नसेल तर पिशवीत मूठभर माती घेऊन या. दाबून बघू आणि मग ठरवू.