उपहासात्मक लघुपट (कोल्हापूर)

धर्माच्या नावाने चालणारी बुवाबाजी आणि बातमीचा धंदा यांची थट्टा करणारे छोटे कथापट. बहुतेक एका बैठकीत चित्रित होतील इतक्या आवाक्याचे असतात. ऑस्कर देणारी अकादमी ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते, इकडचे त्याहून बरेच आखूड.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिले मत त्यांचे मूळ मराठी बोलपटांत शोधते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये कोल्हापुरात हंस पिक्चर्स उभी केली. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला ‘धर्मवीर’ (१९३७) हा तिचा चित्रपट धर्माचा बुरखा पांघरणाऱ्या ढोंगी प्रतिष्ठितावर होता. दुसरे मत सत्यशोधकी जलशांकडे, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे विचार गाणी-सोंगांतून मांडणाऱ्या खेळांकडे, बोट दाखवते. शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, हा वाद म्हणजे वेदोक्त प्रकरण (१८९९–१९०० च्या सुमारास), करवीरात म्हणजे कोल्हापुरात तापल्यानंतर १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाजाची शाखा निघाली. साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जलसेकरी तमाशाचाच साचा घेऊन भिक्षुकशाही आणि सावकारी यांवर गावोगाव तुटून पडत.

दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बोलपट माणसाचे ढोंग सावकाश उकलतो. लघुपट मात्र तमाशातल्या बतावणीसारखा, म्हणजे विनोदी संवादाच्या तुकड्यासारखा, एकाच प्रसंगावर, सवाल-जवाबावर उभा असतो. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या आडवे येतात, दान मागतात. डोक्यावर पदर घेतलेला पुरुष नट, म्हणजे मावशी, कमरेवर हात ठेवून देवालाच उलटे विचारते: तू कोण, कुणाचा, आणि दान कशाचं? प्रेक्षक पोट धरून हसतात आणि त्याने कुणाची भक्ती उणावत नाही. देवाशी सलगी करण्याचा हा हक्क फार मोलाचा आहे. चांगला लघुपट तोच वापरतो आणि दानपेटीमागे बसलेल्याला मावशीचे प्रश्न विचारतो.

पत्रकारितेवरील थट्टेलाही कोल्हापूरचा एक जुना, गंभीर संदर्भ आहे. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रव्यवहारावर आरोप उभे होते, तो बनावट निघाला. हेतू शुद्ध असूनही पुरावा न तपासता छापले की काय होते, याचा हा धडा. पडद्यावरचा बातमीदार उभा करायला फारसे लागत नाही: माइकला चॅनेलचे नाव लिहिलेला पुठ्ठ्याचा ठोकळा, मागे ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी, आणि घर जळालेल्या माणसाला विचारलेले ‘आता तुम्हाला कसं वाटतंय?’

जाहीर प्रदर्शनासाठी लघुपटालाही १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाखालील प्रमाणपत्र लागते. धार्मिक भावना दुखावण्यासंबंधीचे कलम २९५-अ १९२७ मध्ये दंडसंहितेत आले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे. कृती जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेली असणे ही त्यातील अट, आणि शिक्षा कमाल ३ वर्षे.